अस्वलांच्या रानांत चार दिवस

आपल्या ओळखीच्या पुष्कळ घरांतलीं मुलें आज अमेरिकेंत आहेत, आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येणाऱ्या आईबापांची संख्याही कांहीं थोडी नाहीं. तिकडे गेल्यावर न्यूयॉर्क, नायगारा हें पाहणें ओघानेंच येतें. परंतु तेथील कुटुंबांची खरी आवडती सुटी निराळीच असते. डोंगरांत, दाट झाडींत, ओंडक्यांचें एक लहानसें घर चार दिवसांसाठीं भाड्यानें घ्यावयाचें, मोटारींत शिधा, मुलें आणि कुत्रा भरावयाचा, आणि तेथें जाऊन राहावयाचें. अशा घराला तिकडे केबिन म्हणतात. मुलीच्या घरीं अटलांटा येथें असतांना मीही असें एक बिऱ्हाड केलें. तेथें माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावांचून आजचा विषय पुरा व्हावयाचा नाहीं. पण आधीं त्या डोंगरांची आणि तेथील खऱ्या मालकाची, म्हणजे अस्वलाची, ओळख करून देतें.

ग्रेट स्मोकी पर्वत टेनेसी आणि उत्तर कॅरोलिना ह्या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेले आहेत. सकाळीं दऱ्यांतून निळसर धुकें उठतें, आणि सबंध डोंगर चुलीवर ठेवल्यासारखा दिसतो. त्यावरूनच हें ‘धुरकट’ नांव पडलें. येथील राष्ट्रीय उद्यान १९३४ सालीं स्थापन झालें, आणि १९४० च्या सप्टेंबरांत अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं स्वतः येऊन त्याचा अर्पण-समारंभ केला. क्षेत्रफळ सुमारें ८०० चौरस मैल. मुंबई शहर आणि उपनगरें मिळून जेवढी जागा होते तिच्या जवळजवळ साडेतीनपट. एवढ्या रानांत सुमारें १,९०० काळीं अस्वलें राहतात, म्हणजे दर चौरस मैलामागें दोन. आणि ह्याच रानांत दरवर्षीं एक कोटीहून अधिक वेळां माणसें येऊन जातात. अमेरिकेंतील दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रीय उद्यानांत एवढी गर्दी होत नाहीं. उद्यानाच्या कडेला गॅटलिनबर्ग नांवाचें गांव आहे, आणि त्याच्या भोंवतालच्या उतारांवर केबिनींची नुसती पेरणी झालेली आहे. उद्यानाची हद्द नकाशावर असते. अस्वलाला ती कोणी दाखविलेली नाहीं.

अस्वल म्हटलें कीं माझ्या वयाच्या श्रोत्यांना दरवेश्यानें दारीं आणलेलें, नाकांत वेसण घातलेलें अस्वल आठवेल. तें आपलें देशी अस्वल. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीकडील जंगलांत तें अजून आहे. वाळवी, मध आणि मोहाचीं फुलें हें त्याचें खाद्य. वाघाच्या शेजारांत युगानुयुगें काढल्यामुळें असेल, पण अचानक गांठ पडली तर तें पळण्याऐवजीं अंगावर येतें. पहांटे मोह वेंचावयास जाणाऱ्या गरीब माणसांना ह्याचा फार भयंकर अनुभव येतो. अमेरिकेंतील काळें अस्वल जातीनें निराळें आणि स्वभावानेंही निराळें. संकट दिसलें कीं झाडावर चढावें किंवा झाडींत पसार व्हावें, ही त्याची उपजत बुद्धि. नर साधारण २५० पौंडांचा, मादी शंभरावर थोडी; मात्र शरद ऋतूंत खाऊन खाऊन नराचें वजन दुप्पटही होतें. कॅलगरी विद्यापीठांतील स्टीफन हेरेरो ह्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९०० पासून २००९ पर्यंतच्या नोंदी तपासल्या, तेव्हां सबंध अमेरिका व कॅनडा मिळून रानांतल्या काळ्या अस्वलांनीं मारलेलीं माणसें ६३ भरलीं, आणि त्यांतलीं बहुतेक कॅनडा व अलास्का ह्या उत्तरेकडील मुलखांतलीं. एकशेंदहा वर्षांत ६३! विंचू-सर्पांच्या देशांतून गेलेल्या माणसाला हा आंकडा किरकोळ वाटल्यास नवल नाहीं. मलाही तसेंच वाटलें, आणि तेथेंच मी फसलें.

ह्या प्राण्याचें वर्ष समजून घेतलें तर पुढचें सारें उलगडतें. हिवाळ्यांत अस्वल गुहेंत, पडलेल्या झाडाखालीं, किंवा स्मोकी डोंगरांत पुष्कळदां उंच झाडाच्या ढोलींत झोंपून राहतें. जानेवारी-फेब्रुवारींत मादीला तेथेंच पिलें होतात. जन्मतः एकेक पिलूं पावशेराचेंही नसतें. मार्च-एप्रिलांत मंडळी बाहेर येतात तीं वाळलेलीं, उपाशी. मग कोंवळें गवत, किडे, उन्हाळ्यांत रानटी बोरवर्गी फळें. पिलें आईबरोबर सुमारें दीड वर्ष राहतात. ऑगस्ट संपला कीं मात्र अस्वलावर एक विलक्षण भूक स्वार होते. पुढचे सारे उपवासाचे महिने अंगावरच्या चरबीवर काढावयाचे असल्यामुळें तें दिवसाचे बहुतेक तास खातच असतें. एका दिवसांत २०,००० उष्मांकांपर्यंत, म्हणजे आपल्या आठ-दहा दिवसांच्या जेवणाइतकें, पोटांत जाऊं शकतें.

हें सारें त्या डोंगरांत मिळावयाचें कोठून? पूर्वीं चेस्टनट नांवाचे प्रचंड वृक्ष तेथें पुष्कळ होते, आणि दर शरदांत त्यांच्या फळांचा सडा पडे. १९०४ सालीं न्यूयॉर्क शहरांत प्रथम आढळलेली एक परदेशी बुरशी पसरत पसरत दक्षिणेकडे आली, आणि १९४० च्या सुमारास त्या सबंध वनराजीचा निकाल लागला. झाडांवरच्या रोगाची एवढी मोठी साथ इतिहासांत फारशी दुसरी नसेल. तेव्हांपासून अस्वलाचा आधार मुख्यतः ओक वृक्षाचीं टणक फळें, आणि तीं सर्व वर्षीं सारखीं येत नाहींत. ज्या वर्षीं ओक हात आंखडतो त्या वर्षीं अस्वलें मैलच्या मैल भटकतात आणि वस्तीकडे उतरतात. तेथें त्यांना सांपडतो केरकचऱ्याचा डबा, पक्ष्यांसाठीं टांगलेलें बियांचें भांडें, मांस भाजण्याची न पुसलेली शेगडी, आणि ओसरीवर ठेवलेली कुत्र्याची थाळी. दिवसभर ओकखालीं कण-कण वेंचण्यापेक्षां एक डबा उलथणें कोणालाही सोयीचें वाटेल.

एकेकाळीं माणसांनींच ही संवय हौसेनें लावली. यलोस्टोन उद्यानांत उपाहारगृहांचें उष्टें ठराविक जागीं टाकीत, आणि प्रवाशांना बांकांवर बसवून अस्वलांच्या जेवणाचा खेळ दाखवीत. तो प्रकार १९४० नंतरच्या वर्षांत थांबला, पण उकिरडे पूर्ण बंद होण्यास १९७० साल उजाडावें लागलें. आज स्मोकी उद्यानांत अस्वलाला खाऊं घालणें, किंवा त्याच्या हातीं अन्न लागूं देणें, हा गुन्हा आहे. ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. जाणूनबुजून ५० यार्डांच्या आंत जाणें हाही गुन्हाच. कायदा इतका कडक कां, तर एकदां माणसाच्या अन्नाची चव कळलेलें अस्वल तें विसरत नाहीं. दूर नेऊन सोडलें तरी पुष्कळदां परत येतें. दिवसाढवळ्या दारें उघडूं लागतें. आणि शेवटीं त्याला मारावें लागतें. शिक्षा माणसाला दंडाची, अस्वलाला मरणाची.

आमच्या केबिनीच्या स्वयंपाकघरांत ह्या सर्वांची एक छापील यादी चिकटविलेली होती. केर लोखंडी, कडीच्या पेटींतच टाकावा. मोटारींत अन्न, अगदी गोळ्याचा कागदसुद्धां, ठेवूं नये, व मोटार कुलुपबंद असावी, कारण खटक्याची मूठ अस्वलाला उघडतां येते. दार आपोआप मागें लागलें तर आंत कोंडलेलें अस्वल गादीचें सूतन्-सूत काढतें. शेगडी वापरून झाल्यावर घासावी. बाहेर कांहींही खाद्य ठेवूं नये. मुलीनें ती वाचून दाखविली. आम्ही चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू ह्यांचे डबे निमूटपणें वर आणले. तुपाचा वास माणसापेक्षां अस्वलाला कितीतरी आधीं येतो हें मी विनोदानें बोललेंही.

आतां कुत्र्याविषयीं. मुलीच्या घरीं एक पिवळट रंगाचा लॅब्रॅडर आहे. नांव वाघ्या, स्वभाव सशाचा. घरांत मुलांप्रमाणेंच त्याचा थाट, त्यामुळें त्याला मागें ठेवून सुटीवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु उद्यानांत कुत्र्याला फारशी मोकळीक नाहीं. तळांवर, सहलीच्या जागीं आणि रस्त्याच्या कडेनें तो चालतो, तोही सहा फुटांहून लांब नसलेल्या पट्ट्यानें बांधलेला. रानांतल्या शेंकडों मैलांच्या पाऊलवाटांपैकीं फक्त दोन त्याला खुल्या आहेत, एक गॅटलिनबर्गची आणि दुसरी ओकोनालुफ्टी नदीकांठची. हा नियम ऐकून श्वानप्रेमी लोक चिडतात. मला मात्र त्यामागील कारण नंतर फार चांगलें समजलें.

आपली समजूत अशी कीं, कुत्रा भुंकला म्हणजे रानांतला प्राणी पळतो, सबब कुत्रा जवळ असणें हें संरक्षणच. घटना नेहमीं अशी घडत नाहीं. अस्वलाच्या लेखीं कुत्रा म्हणजे लांडग्याचा किंवा कोल्ह्याचा भाऊबंद, आपल्या पिलांचा वैरी. मोकळा कुत्रा अस्वल दिसतांच शेंदोनशें पावलें धांवत जातो, त्याच्याभोंवतीं नाचतो, भुंकतो. अस्वल कांहीं वेळ सोसतें आणि मग उलटतें. अस्वल ताशीं तीस मैलांच्या वेगानें धांवूं शकतें, हें कुत्र्याला तेव्हां प्रथम कळतें. मग तो काय करतो? जो प्राणी घाबरला आहे आणि ज्याला धनी आहे, तो जें करील तेंच: शेंपूट घालून थेट धन्याकडे धांवतो. त्याच्यामागें अस्वल येतें. धन्याला पाहणें, ओळखणें, निवडणें असें कांहीं अस्वलाच्या मनांत नसतें. तो केवळ त्या धांवेच्या शेवटच्या टोंकाशीं उभा असतो. वर सांगितलेल्या हेरेरो ह्यांनीं पुढें हँक ह्रिस्टिएंको ह्या सहकाऱ्याबरोबर काळ्या अस्वलांच्या अलीकडील हल्ल्यांची छाननी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक प्रसंगीं जवळ कुत्रा होता, आणि बहुतेक ठिकाणीं तो सुटा होता.

आमच्या बाबतींत हें असें घडलें. तो पितृपक्ष होता, आणि ह्यांची तिथि नेमकी आमच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीं आली. मीं पहांटे उठून थोडी खीर, दोन वडे, मूठभर भात असें केलें. पानाऐवजीं कागदाची पत्रावळ घेतली, आणि अंगणाच्या कडेला एक सपाट दगड होता त्यावर घांस ठेवून आलें. यादी मला पाठ होती. पण ‘खाद्य’ ह्या शब्दांत काकबळी येतो असें माझ्या मनास शिवलें नाहीं. मुलीला मुद्दाम सांगितलें नाहीं, हेंही खरें. ती कदाचित् नको म्हणाली असती. दुपारपर्यंत कावळा फिरकला नाहीं. संध्याकाळीं पाहतें तों पत्रावळ चाटून पुसून स्वच्छ. मला इतकें समाधान वाटलें कीं काय सांगूं! दुसऱ्या दिवशीं सकाळीं उरलेला भात मीं पुन्हा तेथेंच ठेवला.

त्या दिवशीं तिन्हीसांजेला जांवयांनीं वाघ्याला बाहेर सोडण्यासाठीं मागचें दार उघडलें. पट्टा खुंटीवर होता. दोन मिनिटांचें तर काम. माझी आठ वर्षांची नात त्यांच्यामागें उंबऱ्यावर उभी होती. वाघ्या दोन पायऱ्या उतरला, थबकला, आणि आम्ही कधींही न ऐकलेल्या आवाजांत भुंकत दगडाकडे सुटला. दगडापाशीं काळोखाचा एक गोळा होता तो उभा राहिला. मागून झाडावर साल ओरबाडल्यासारखा आवाज आला. दोन पिलें सरसर वर चढत होतीं. अस्वलानें फुत्कार सोडला, दांतांवर दांत वाजविले, जमिनीवर पंजा आपटला. हीं सारीं ‘दूर हो’ म्हणण्याचीं चिन्हें, असें मागाहून समजलें. वाघ्याला तीं कळलीं नाहींत. एक पंजा बसला, किंकाळी ऐकूं आली, आणि तो आमच्या दाराकडे, म्हणजे माझ्या नातीकडे, धांवत आला. त्याच्यामागें तीस-चाळीस फुटांवर ती मादी.

जांवयांनीं मुलीला आंत ढकललें, पण दार लावलें नाहीं, कारण कुत्रा बाहेर होता. ते दोन्हीं हात वर करून ओरडूं लागले. माझ्या हातीं परात लागली ती मीं उलथन्यानें बडविली. इतक्या जोरानें कीं तिला पडलेला पोंचा अजून आहे. मादी पायरीपाशीं थांबली. क्षणभर उभी राहिली. मग वळली, आणि झाडाखालीं जाऊन पिलांना कांहीं तरी घुरघुरली. वाघ्याच्या मांडीला अकरा टाके पडले. नातीला कांहीं झालें नाहीं. मात्र त्या रात्रीं ती कोणाशीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वन्यपशु-खात्याचा एक अधिकारी चौकशीस आला. बाहेर काय ठेवलें होतें, हा त्याचा पहिला प्रश्न. मुलगी माझ्याकडे पाहूं लागली. मीं सांगितलें. त्या भल्या माणसानें मला दोष दिला नाहीं. दगड धुवून काढावयास सांगितलें, आणि ती मादी पुढील कांहीं संध्याकाळीं त्याच वेळेस येईल असें बजाविलें. ती दोन्हीं संध्याकाळीं आली. दगड हुंगून गेली. आम्ही कांचेंतून पाहत होतों, आणि मला त्या दोन पिलांचीच अधिक काळजी वाटत होती.

आतां तेथें जाणाऱ्यांसाठीं त्या अधिकाऱ्यानें सांगितलेल्या आणि मीं नंतर पडताळून पाहिलेल्या कांहीं गोष्टी सांगतें. रात्रीं किंवा तिन्हीसांजेला कुत्र्याला बाहेर नेण्यापूर्वीं बाहेरचा दिवा लावावा, दार वाजवावें, दोन शब्द मोठ्यानें बोलावे, आणि मिनिटभर थांबावें. अस्वलाला निघून जाण्यास तेवढा अवधि पुरतो. पट्टा सदैव हातांत आणि आंखूड असावा. गुंडाळी सुटून वीस फूट लांब होणारे जे पट्टे निघाले आहेत ते येथें निरुपयोगी. कुत्र्याची थाळी घरांत. वाटेवर अस्वल दिसलें तर कुत्र्याला जवळ ओढून, लहान असल्यास उचलून घेऊन, अस्वलाकडे तोंड ठेवून सावकाश मागें सरावें. धांवूं नये. झाडावर चढून सुटका होईल ह्या भ्रमांत तर मुळींच राहूं नये. अस्वल मागें येऊं लागलें तर उभें राहून आवाज करावा, अंग मोठें दाखवावें, मुलांना मध्यें घ्यावें. आणि तरीही अंगावर आलेंच, तर काळ्या अस्वलापुढें मेल्याचें सोंग न करतां काठी, दगड, जें हातीं येईल त्यानें त्याच्या तोंडावर प्रहार करावे. पश्चिमेकडे, यलोस्टोन आणि ग्लेशियर उद्यानांच्या मुलखांत, खांद्यावर मांसल उंचवटा असलेलें ग्रिझली नांवाचें थोरलें अस्वल आहे. तें पिलांच्या रक्षणासाठीं अंगावर आलें तर पालथें पडून, मानेमागें हात बांधून, निश्चल राहावें असें जाणते सांगतात. दोन अस्वलांचे दोन परस्परविरुद्ध शिष्टाचार. म्हणून कोठें जात आहों हें आधीं माहीत हवें.

मिरचीच्या अर्काची एक फवारणीची नळी तिकडे मिळते. आपल्याकडच्या बायकांना फोडणींतल्या मिरचीचा ठसका माहीत आहे. तोच येथें वीस-तीस फुटांवर धुराच्या ढगासारखा सोडतां येतो. अलास्कांतील वीस वर्षांच्या घटनांचा अभ्यास टॉम स्मिथ व हेरेरो आदि संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केला. नळी वापरली तेव्हां दहांपैकीं नऊ वेळां अस्वल हटलें. मात्र ती कमरेला हवी, पिशवीच्या तळाशीं नव्हे. वारा आपल्याकडे वाहत असेल तर प्रसाद आपल्यालाच मिळतो. आणि विमानांत ती नेतां येत नाहीं, तेथेंच विकत घ्यावी.

कुत्रा आणि अस्वल ह्यांचें नातें सर्वस्वीं वैराचेंच, असें मात्र नाहीं. फिनलंड-रशियाच्या सीमेवरील करेलिया प्रांतांत काळ्या-पांढऱ्या रंगाची, अस्वलांच्या शिकारीसाठीं वाढविलेली एक कुत्र्यांची जात आहे. १९९६ सालीं कॅरी हंट ह्या बाईंनीं विंड रिव्हर बेअर इन्स्टिट्यूट नांवाची संस्था काढली, आणि ह्या कुत्र्यांकडून शिकारीऐवजीं शिकवणीचें काम घेतलें. वस्तींत आलेल्या अस्वलावर पट्ट्यानें धरलेलीं कुत्रीं भुंकत सोडल्यासारखीं नेतात, तें रानांत पळेपर्यंत. म्हणजे ह्या घराशीं कटु आठवण जोडली जाते आणि त्याचा जीव वांचतो. वॉशिंग्टन राज्याचें वन्यपशु-खातेंही अशीं कुत्रीं बाळगतें. पण त्या कुत्र्यांना वर्षानुवर्षांचें शिक्षण असतें. आमच्या वाघ्याचें शिक्षण चेंडू आणण्यापलीकडे गेलेलें नाहीं.

शेवटच्या दिवशीं टाके घातलेल्या वाघ्याला आम्ही गॅटलिनबर्गच्या त्या पाऊलवाटेनें थोडें फिरविलें. नदी शेजारून वाहत होती, नात सहा फुटांचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरून चालत होती, आणि तो प्रत्येक ओंडक्यापाशीं थांबून आधीं तिच्या तोंडाकडे पाही. सर्वपित्रीला आम्ही अटलांटास परतलों होतों. तेथें गच्चीच्या कठड्यावर मीं घांस ठेवला आणि काठी घेऊन शेजारींच खुर्चींत बसलें. अर्ध्या तासानें एक कावळा आला; आपल्या कावळ्याहून काळा, मानेवर करडी छटा नसलेला. त्यानें वडा उचलला. उरलेलें पान मीं लगेच आंत नेलें.